वाळवंटी उद्यानातील सहकुटुंब पदभ्रमण : पायवाट निवडावी कशी?

राष्ट्रीय उद्यान पाहावयास गेलेल्या कुटुंबाने त्या दिवशी कोणती पायवाट चालावी, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. माहितीपत्रक उघडावे, जी वाट सर्वांत देखणी म्हणून वाखाणलेली असेल ती निवडावी आणि चालू लागावे, अशीच बहुतेकांची रीत असते. शीत हवेच्या प्रदेशात ही रीत फारशी महाग पडत नाही. चूक झालीच तर मुले कुरकुरतात, घरी यावयास उशीर होतो, एवढेच. वाळवंटी प्रदेशातील उद्यानात मात्र हीच चूक लहान मुलांच्या व वृद्धांच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच तेथे पायवाटेची निवड हा हौसेइतकाच अभ्यासाचाही विषय ठरतो.

या अभ्यासासाठी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानाचे उदाहरण येथे घेतले आहे. त्यास एक व्यावहारिक कारणही आहे. लॉस एंजलिस व त्याच्या परिसरात अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झालेली आहेत, आणि त्यांना भेटण्यासाठी येथून आईवडील जात असतात. नातवंडांच्या शाळांना सुट्टी असते ती प्रामुख्याने जून ते ऑगस्ट या काळात. आणि वाळवंटात सर्वांत कडक उन्हाळा असतो तोही याच महिन्यांत. आजी-आजोबा, नातवंडे आणि दिवसभराची सहल असा योग जुळून येतो तेव्हा वाट कोणी आणि कशाच्या आधारे निवडावयाची, याचा विचार आधीच झालेला असणे हिताचे असते.

उद्यानाची ओळख

जोशुआ ट्री हे उद्यान लॉस एंजलिस शहराच्या पूर्वेस सुमारे २२५ किलोमीटर अंतरावर असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३,२०० चौरस किलोमीटर आहे. मिनर्व्हा हॅमिल्टन हॉइट या महिलेने वाळवंटी वनस्पतींच्या संरक्षणासाठी दीर्घकाळ प्रयत्न केले. त्यांचे फलित म्हणून राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३६ साली या प्रदेशाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला. पुढे १९९४ साली कायद्याने त्याचे राष्ट्रीय उद्यानात रूपांतर झाले.

या उद्यानात दोन वाळवंटे एकमेकांस भेटतात, हे त्याचे वैशिष्ट्य होय. पश्चिमेकडील भाग उंच असून तो मोहावी वाळवंटाचा आहे. उद्यानाला ज्यावरून नाव मिळाले तो जोशुआ वृक्ष याच भागात आढळतो. वृक्ष म्हणून ओळखली जाणारी ही वनस्पती वस्तुतः युक्का वर्गातील असून तिच्या फुलांचे परागीभवन एक विशिष्ट पतंग करतो. पूर्वेकडील भाग सखल आहे. तो सोनोरा वाळवंटाचा कोलोरॅडो या नावाने ओळखला जाणारा भाग असून तेथे क्रिओसोटची झुडपे आणि चोया जातीची निवडुंगे दिसतात.

ही भौगोलिक माहिती वाट निवडणाऱ्याच्या प्रत्यक्ष उपयोगाची आहे. पश्चिम भागातील बहुतेक लोकप्रिय वाटा समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० ते १,३०० मीटर उंचीवरून सुरू होतात, तर पूर्वेकडील चोया निवडुंगांची बाग सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच वेळी, एकाच उद्यानात पूर्वेकडील हवा पश्चिमेपेक्षा काही अंशांनी अधिक तापलेली असते. नकाशावर दोन्ही वाटा सारख्याच लांबीच्या दिसतात. चालणाऱ्या मुलाला मात्र त्या सारख्या लागत नाहीत.

कोरडी हवा फसविते कशी?

मुंबई, कोकण किंवा गोवा येथील माणसाला उकाडा ओळखता येतो तो घामावरून. सदरा भिजला, कपाळावरून धारा वाहू लागल्या, की तो सावलीत बसतो आणि पाणी मागतो. वाळवंटातील हवेत आर्द्रता अत्यंत कमी असल्याने घाम त्वचेवर येताच उडून जातो. अंग कोरडे राहते आणि आपल्याला घामच येत नाही असा भास होतो. प्रत्यक्षात शरीरातील पाणी व क्षार सातत्याने कमी होत असतात. सवयीची खूण नाहीशी झाल्यामुळे मनुष्य गाफील राहतो. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता ठरावीक वेळाने पाणी पिणे, हा वाळवंटातील पहिला नियम होय.

लहान मुलांच्या बाबतीत धोका अधिक असतो. मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते. त्यामुळे भोवतालची हवा शरीरापेक्षा अधिक तापलेली असली की ते मोठ्या माणसापेक्षा लवकर तापते. शिवाय खेळण्यात रमलेले मूल आपण होऊन पाणी मागत नाही, आणि थकवा आला तरी तो शब्दांत सांगत नाही. वृद्धांमध्ये तहानेची जाणीवच मंद झालेली असते, आणि रक्तदाब वा हृदयविकार यांवरील काही औषधांमुळे शरीराची उष्णता सहन करण्याची शक्ती घटते. म्हणजे कुटुंबातील सर्वांत लहान आणि सर्वांत वयस्कर अशा दोन्ही टोकांच्या व्यक्तींना धोका अधिक, आणि त्या तो बोलून दाखविण्याची शक्यता सर्वांत कमी, अशी स्थिती असते.

या उद्यानात उन्हाळ्यात दुपारचे तापमान ३८ अंश सेल्सियसच्या वर जाणे ही नित्याची बाब आहे. याउलट हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जातो. वसंत व शरद ऋतूंत, म्हणजे साधारणतः मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या महिन्यांत, हवा चालण्यास सर्वाधिक अनुकूल असते.

निवडीच्या पाच कसोट्या

कोणत्याही पायवाटेला पुढील पाच प्रश्न विचारावेत. त्यांची समाधानकारक उत्तरे मिळाली तरच ती वाट कुटुंबासाठी योग्य समजावी.

पहिला प्रश्न : सर्वांत दुबळ्या व्यक्तीला ही वाट झेपेल काय? कुटुंबाची चाल ही घरातील सशक्त माणसाची चाल नव्हे. पाच वर्षांचे मूल किंवा गुडघे दुखणारी आजी ज्या वेगाने चालेल, तोच सर्वांचा वेग. स्कॉटलंडमधील गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली चालण्याच्या वेळेचा एक सोपा हिशेब सुचविला होता. दर ५ किलोमीटर अंतरास एक तास आणि दर ६०० मीटर चढास आणखी एक तास, असे त्याचे आजचे स्थूल स्वरूप आहे. हा हिशेब सुदृढ प्रौढांसाठी आहे. लहान मुले बरोबर असतील तर आलेला वेळ निदान दुप्पट धरावा. मूल प्रत्येक सरड्यापाशी थांबणार, आणि त्याने थांबावे यासाठीच तर ही सहल!

दुसरा प्रश्न : चढ कोठे आहे, जाताना की येताना? जाताना चढ आणि परतताना उतार अशी वाट प्रामाणिक असते. ती आपली ताकद आरंभीच पारखून घेते. दमलो तर मागे फिरावे, उतारच आहे. उलट जी वाट आरंभी खाली उतरत नेते ती फसवी असते. जाताना मुले धावत सुटतात. आणि पाणी संपत आलेले, ऊन चढलेले, पाय थकलेले, अशा वेळी चढ समोर उभा राहतो.

तिसरा प्रश्न : मधूनच परतता येईल काय? वर्तुळाकार वाटेवर निम्मे अंतर ओलांडल्यानंतर मागे फिरण्यात लाभ नसतो. त्यामुळे लहान वर्तुळ चांगले, मोठे वर्तुळ जोखमीचे. त्याच वाटेने जाऊन त्याच वाटेने परतावयाचे असेल तर कोणत्याही क्षणी निर्णय बदलता येतो. रस्त्याला लागून किंवा रस्त्याला छेदून जाणारी वाट कुटुंबासाठी विशेष सोयीची असते.

चौथा प्रश्न : पाण्याचे ओझे कोण वाहणार? या उद्यानाच्या अंतर्भागात पिण्याच्या पाण्याची सोय नाही; ती सीमेलगतच्या मोजक्या ठिकाणीच आहे. प्रत्येक व्यक्तीमागे दिवसाला किमान ४ लिटर पाणी जवळ ठेवावे आणि चालण्याचे श्रम असतील तर त्याहून अधिक, असे उद्यान प्रशासनाचे सांगणे आहे. सहा जणांच्या कुटुंबाला याप्रमाणे किमान २४ लिटर, म्हणजे २४ किलो वजनाचे पाणी लागते. पाच वर्षांचे मूल आपले पाणी स्वतः वाहू शकत नाही, आजीही नाही. उरलेल्या दोघा-तिघांच्या पाठीवर जेवढे पाणी मावेल, तेवढीच त्या कुटुंबाची खरी मजल होय. वाटेची लांबी पायांनी मोजण्याआधी ती पाण्याने मोजावी.

पाचवा प्रश्न : सावली कोठे मिळेल? जोशुआ वृक्षाची सावली विरळ असते. तिच्या भरवशावर राहता येत नाही. खडकांच्या प्रचंड राशींमधून जाणाऱ्या वाटांवर मात्र सकाळी व सायंकाळी खडकांची दाट सावली मिळते. उघड्या डोंगरउतारावरील वाटेवर ती मिळत नाही.

काही वाटांचा तौलनिक विचार

या कसोट्या उद्यानातील प्रत्यक्ष वाटांना लावून पाहू.

कॅप रॉक ही सुमारे ६०० मीटर लांबीची सपाट, वर्तुळाकार वाट आहे. चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी तेथे नेता येते. चालणे जवळजवळ नसलेल्या आजी-आजोबांनाही खडक, वृक्ष आणि माहितीफलक यांचा आनंद येथे घेता येतो. ट्वेंटीनाईन पाम्स गावाजवळील मारा या पाणस्थळाभोवतीची सुमारे ८०० मीटरची वाटही अशीच सुलभ आहे. या पाणस्थळी सेरानो लोकांची वस्ती होती. त्यांनी तेथे ताडाची झाडे लावली, अशी परंपरागत कथा असून गावाच्या नावात त्याच २९ झाडांचा उल्लेख आहे.

हिडन व्हॅली ही सुमारे १.६ किलोमीटरची वर्तुळाकार वाट चोहोबाजूंनी खडकांनी वेढलेल्या एका लहानशा दरीतून फिरते. वाटेत दगडी पायऱ्या व थोडी चढउतार आहे. परंतु अंतर कमी, सावलीचे कोपरे अनेक आणि मुलांच्या कुतूहलाला भरपूर खाद्य, यांमुळे पाच वर्षांवरील मुलांसाठी ती उत्तम म्हणता येईल.

बार्कर धरणाची वाट सुमारे १.८ किलोमीटरची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी गुरे पाळणाऱ्यांनी खडकांच्या खिंडीत हा लहानसा बंधारा बांधला, आणि पुढे बिल कीज या पशुपालकाने त्याची उंची वाढविली. पावसाचे पाणी अडवून गुरे जगविण्याची ही धडपड आपल्या अवर्षणग्रस्त तालुक्यांतील वाचकांना परकी वाटणार नाही. येथे पाणी वर्षभर असतेच असे नाही, आणि असले तरी ते पिण्याजोगे नसते, हे ध्यानात ठेवावे.

स्कल रॉक, म्हणजे कवटीच्या आकाराचा खडक, मुख्य रस्त्याच्या कडेलाच आहे. त्यामुळे कुटुंबाला दोन पर्याय मिळतात. दमलेल्यांनी खडक पाहून गाडीत परतावे. उत्साही मंडळींनी सुमारे २.७ किलोमीटरची संपूर्ण फेरी करावी. ही फेरी रस्त्याला छेदून आणि शिबिरस्थळातून जाते, म्हणजे मध्येच थांबण्याची सोयही आहे. तिसऱ्या कसोटीला पूर्णपणे उतरणारी अशी ही वाट आहे.

चोया निवडुंगांच्या बागेतील फेरी अवघी ४०० मीटरची आणि सपाट आहे. केवळ लांबी पाहिली तर ती सर्वांत सोपी वाटेल. परंतु येथील निवडुंगाच्या कांड्या नुसत्या स्पर्शाने सुटून अंगाला चिकटतात, आणि त्यांच्या काट्यांना सूक्ष्म उलटे आकडे असल्याने ते सहजासहजी निघत नाहीत. धावऱ्या मुलाचा हात हाती धरूनच येथे चालावे. कांडी चिकटलीच तर ती बोटांनी न ओढता कंगव्याने दूर सारावी आणि राहिलेले काटे चिमट्याने काढावेत. कंगवा व चिमटा या दोन वस्तू म्हणूनच सामानात असाव्यात.

आता दोन मोठ्या वाटांची तुलना करू. हा या पाठातील सर्वांत बोधप्रद भाग आहे. रायन पर्वताची वाट जाऊन-येऊन सुमारे ४.८ किलोमीटरची असून तिला सुमारे ३२० मीटर चढ आहे. फोर्टीनाईन पाम्स या पाणस्थळाची वाटही जाऊन-येऊन तेवढ्याच लांबीची आहे आणि तिचा चढ प्रत्येक दिशेस सुमारे ९० मीटर आहे. नेस्मिथच्या हिशेबाने पहिलीला दीड तास, तर दुसरीला सव्वा तासाच्या आसपास वेळ लागावा. कागदावर दुसरी वाट सोपी ठरते. परंतु ती आधी एका धारेवर चढते आणि मग ताडांच्या राईपर्यंत खाली उतरते. परतताना, जेव्हा ऊन वाढलेले आणि पाणी कमी झालेले असते, तेव्हा पुन्हा चढ चढावा लागतो. रायन पर्वतावरून मात्र दमलेले मूल केव्हाही उतारानेच परतते. दोन्ही वाटांवर सावली जवळपास नाही, आणि दोन्ही दहा वर्षांखालील मुलांसाठी थंड ऋतूतील सकाळखेरीज अन्य वेळी निवडू नयेत. तथापि दोहोंपैकी मधूनच माघार घेण्याची मुभा पहिलीवर अधिक आहे, हे माहितीपत्रकातील आकड्यांच्या पलीकडचे वाचन होय. फोर्टीनाईन पाम्सची वाट २०२२ च्या उन्हाळ्यात रानमेंढ्यांना पाणी निर्वेधपणे मिळावे म्हणून काही काळ बंद ठेवण्यात आली होती. म्हणून निघण्यापूर्वी वाट खुली आहे की नाही याची चौकशी करणे अगत्याचे आहे.

लॉस्ट पाम्स या पाणस्थळाची सुमारे १२ किलोमीटरची वाट अनुभवी प्रौढांसाठी आहे. ती कितीही रमणीय असली तरी मुलांसह केलेल्या सहलीत तिचा विचार करू नये.

एका कुटुंबाचे उदाहरण

समजा, आजी, आजोबा, आई, वडील, दहा वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा असे कुटुंब नोव्हेंबर महिन्यात उद्यानात जात आहे. त्यांनी गावातच सर्व पाणी भरून घ्यावे आणि सकाळी आठच्या सुमारास पश्चिम प्रवेशद्वारातून आत जावे. प्रथम सर्वांनी मिळून हिडन व्हॅलीची फेरी करावी; आजोबांना पायऱ्या झेपत नसतील तर एका प्रौढाने त्यांच्यासोबत आरंभीच्या सावलीत बसावे. मुले विसावली की बार्कर धरणाची वाट घ्यावी. भोजनोत्तर आजी-आजोबांसह कॅप रॉकची फेरी, आणि दिवस कलताना सुमारे १,५८० मीटर उंचीवरील कीज व्ह्यू हे निरीक्षणस्थळ. तेथून कोचेला खोरे आणि कॅलिफोर्नियातील भूकंपांस कारणीभूत असणाऱ्या सॅन अँड्रियास भ्रंशाची रेषा दृष्टीस पडते. तेथील पदपथ अवघा ४०० मीटरचा आहे. दिवसभरात मुले पाच किलोमीटरही चालत नाहीत, तरीही उद्यानाचे मर्म त्यांनी पाहिलेले असते.

हेच कुटुंब जुलैमध्ये गेले तर हा कार्यक्रम तसाच पाळणे घातक ठरेल. सूर्योदयाच्या वेळी एखादी छोटी फेरी करावी, आठ वाजेपर्यंत गाडीत परतावे आणि पुढील दर्शन गाडीतून घ्यावे. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत चालणे पूर्णतः वर्ज्य समजावे. डिसेंबरात उलट अडचण येते. सूर्य सायंकाळी पाचच्या आतच मावळतो आणि गारठा झपाट्याने वाढतो. त्या महिन्यात दुपारी तीननंतर नवी वाट सुरू करू नये.

वाटेवर पाळावयाचे नियम

पाण्याचे तीन समान भाग कल्पावेत. पहिला जाण्यासाठी, दुसरा परतण्यासाठी आणि तिसरा संकटासाठी. पहिला भाग संपला की जेथे असाल तेथून मागे फिरावे. शेवट जवळ आला आहे, ही सबब ऐकू नये. केवळ पाणी पिऊन भागत नाही, क्षारही भरून यावे लागतात. मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत, खारे शेंगदाणे, चिवडा हे आपले पदार्थ या कामी उत्तम आहेत.

डोके दुखणे, चक्कर, मळमळ, पायात पेटके, मुलाचे अकारण चिडणे किंवा एकाएकी गप्प होणे, ही शरीर तापल्याची लक्षणे आहेत. ती दिसताच सावलीत बसवावे, कपडे सैल करावेत, मान व काखा ओल्या कराव्यात, वारा घालावा आणि घोटघोट पाणी द्यावे. बोलण्यात असंबद्धता आली किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी रुग्णाला तोंडाने पाणी न देता अंग ताबडतोब थंड करावे आणि वैद्यकीय मदत मिळवावी. उद्यानाच्या बहुतांश भागात भ्रमणध्वनी चालत नाही. म्हणून आपण कोणत्या वाटेने जात आहोत आणि किती वाजेपर्यंत परतू, हे उद्यानाबाहेरील कोणास तरी आधी कळवून ठेवावे.

आकाशात दूर ढग दाटले असतील तर ओढ्यांच्या कोरड्या पात्रांतून चालू नये. डोंगरावर पडलेल्या पावसाचा लोंढा कोरड्या पात्रात अकस्मात येतो. जुन्या खाणींच्या तोंडांजवळ मुलांना जाऊ देऊ नये. कपारीत न पाहता हात घालू नये, कारण या प्रदेशात विषारी खुळखुळ्या सर्प आहे.

वाट सोडून चालू नये, या नियमामागे सुरक्षिततेबरोबर निसर्गरक्षणाचाही हेतू आहे. वाळवंटातील मातीवर सूक्ष्म जीव, शैवाल व दगडफूल यांचा एक नाजूक थर असतो. तो माती धरून ठेवतो. एका पावलाने मोडलेला हा थर पुन्हा तयार होण्यास अनेक वर्षे लागतात. मुलांना हे कारण समजावून सांगितले तर ती नियम आनंदाने पाळतात, असा शिक्षकांचा अनुभव आहेच. या उद्यानात बालकांसाठी ‘ज्युनिअर रेंजर’ नावाचा उपक्रम चालतो. मुलांनी निरीक्षणाची पुस्तिका पूर्ण करावी, उद्यानाच्या रक्षणाची प्रतिज्ञा घ्यावी आणि बिल्ला मिळवावा, असे त्याचे स्वरूप आहे. पुस्तिका भरण्यासाठी मूल ठिकठिकाणी थांबते, पाहते, विचारते. शिखर गाठण्याची घाई आपोआपच ओसरते, आणि लहान वाट अपुरी वाटत नाही.

आपल्यासाठी धडा

हा पाठ केवळ परदेशी जाणाऱ्यांपुरता मर्यादित नाही. महाराष्ट्रात वाळवंट नाही, परंतु चंद्रपूर-नागपूरकडील मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि सह्याद्रीतील गडांच्या उघड्या कातळांवर एप्रिलच्या दुपारी सावलीचा टिपूसही नसतो. शालेय सहली आणि सहकुटुंब भटकंती तेथेही चालूच असते. येथील हवा वेगळी, उंची वेगळी. पण वरील पाच प्रश्न तेच राहतात.

सहलीचे नियोजन करणाऱ्या शिक्षकांनी हे प्रश्न विद्यार्थ्यांकडूनच सोडवून घ्यावेत. अंतर व चढ यांवरून वेळ काढणे हे गणित, उंचीनुसार बदलणारे तापमान हा भूगोल आणि घामाचे बाष्पीभवन हे विज्ञान. एका सहलीच्या तयारीत तीन विषयांचा अभ्यास सहज साधतो, आणि आपण कोठवर जावयाचे व कोठून परतावयाचे हे मुलांना आधीच ठाऊक असते.

ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत गड, धबधबा वा लेणी आहेत, त्यांच्या सदस्यांनीही या दृष्टीने एक गोष्ट अवश्य करावी. वाटेच्या पायथ्याशी एक फलक लावून त्यावर स्थळाच्या इतिहासासोबत पाच बाबी ठळकपणे लिहाव्यात : जाऊन-येऊन अंतर, एकूण चढ, मुलांसह लागणारा वेळ, पिण्याचे पाणी शेवटी कोठे मिळेल आणि दुपारी सावली कोठे आहे. यासाठी मोठा खर्च लागत नाही. गावातील गुराखी व वाटाडे यांना यातील प्रत्येक गोष्ट ठाऊक असते. ती केवळ लिहून काढावयाची असते. जोशुआ ट्री उद्यानात वाटांची लांबी, चढ व लागणारा वेळ यांची नोंद पर्यटकाला आधीच उपलब्ध असते, म्हणूनच कुटुंबाला निवड करता येते. माहितीच नसेल तेथे निवड उरत नाही, नशीब तेवढे उरते.

शेवटी एक गोष्ट पालकांनी मनाशी पक्की करावी. अर्ध्या वाटेवरून परतणे यात कमीपणा नाही. शिखर तेथेच राहणार आहे आणि मूल मोठे होणार आहे. आज सुखरूप आणि हसत परतलेले मूल उद्या आपण होऊन त्या वाटेची आठवण काढील, आणि पुढे कधीतरी आपल्या वृद्ध आईवडिलांसाठी सोपी वाट निवडील.